मामाचा कान आणि बडबडीचं पोट

माझ्या मामाला घोडे फार आवडायचे, असं त्याच्या निरोपाच्या दिवशी एक गृहस्थ माईकवर म्हणाले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवडायचे काय? मामाला घोडे अजिबात आवडायचे नाहीत. चावतात, पायावर पाय देतात, धुतलेल्या सदऱ्यावर शिंकतात, ही त्याची कायमची तक्रार. एकतीस वर्षं त्याने त्यांची पोटं सांभाळली ती आवड म्हणून नव्हे. ते त्याचं काम होतं आणि ते त्याला येत होतं. पण 'काम येत होतं' असं म्हटलं असतं, तर मग त्या कामावरून काढलं का, हेही सांगावं लागलं असतं. म्हणून आवड! वर भेट म्हणून रंगीत कागदात गुंडाळलेली एक डबी त्याच्या हातात दिली. डबीत कानाला लावायचं यंत्र होतं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, कारण मामीने माझ्या मांडीला चिमटा काढला होता.

तेव्हा गप्प बसले. आता मामी जवळ नाही, तेव्हा सगळं सांगते.

मामा घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका शाळेत मोतद्दार होता. म्हणजे घोड्यांना चारा-चंदी घालायची, खरारा करायचा, ठाणं झाडायची आणि वर स्वार होणाऱ्यांची बोलणी खायची. अकरा घोडे होते. सगळी पागा त्याला मामाच म्हणायची, पण सख्खी भाची मी एकटी. आईच्या माघारी मी वाढले ती त्याच्याच दोन खोल्यांत, पागेच्या टोकाला. एका खोलीत चूल आणि मामीचं शिवणयंत्र, दुसरीत आम्ही तिघं झोपायचो. माझ्या उशीच्या भिंतीपलीकडे पहिलं ठाण होतं. त्या भिंतीतून रात्रंदिवस गुडगुड ऐकू यायची आणि ती ऐकतच मी पाढे पाठ केले. सातवीत जाईपर्यंत मला वाटायचं की सगळ्यांच्याच भिंती अशा वाजतात.

सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला मामा प्रत्येक घोड्याच्या पोटाला कान लावायचा. डावीकडे वर, डावीकडे खाली, मग उजवीकडे वर, उजवीकडे खाली. प्रत्येक जागी शंभरपर्यंत मोजायचं. उजवीकडे वरच्या अंगाला थोड्या थोड्या वेळाने टाकीतून पाणी सोडल्यासारखा एक मोठा आवाज येतो. तो कानावर पडल्याशिवाय मामा पुढच्या ठाणाकडे सरकत नसे.

"घोड्याला ओकता येत नाही," तो मला सांगायचा. "आत गेलेलं पुढेच जायला हवं. पुढे जातंय तोवर आवाज होतो. आवाज होतोय तोवर आपण खुशाल जेवायला बसायचं."

ऐकून झालं की भिंतीला टांगलेल्या वहीत प्रत्येक घोड्यापुढे एक शब्द लिहायचा. मामाचं शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यामुळे शब्द मोजकेच. 'बोलतो' म्हणजे सगळं ठीक. 'कुजबुजतो' म्हणजे आवाज कमी, पाणी कमी प्यायलाय का ते बघा. 'भांडतो' म्हणजे आवाज फार, टणटण वाजणारे. पोटात वायू धरलाय. मग मामा त्याची चंदी कमी करायचा, वाळकं गवत भिजवून थोडं थोडं चारदा घालायचा, फिरवायचा, आणि चाऱ्यात कोणी काय बदललं याची पागाभर चौकशी करायचा. दोन-तीन दिवसांत भांडण मिटायचं. चौथा शब्द 'मुका'. तो एकतीस वर्षांत दोनदाच लिहावा लागला. त्यातला एक घोडा वाचला.

या अकरांत एक तांबडी घोडी होती, तिचं पोट जरा जास्तच मोकळ्या मनाचं. रिंगणाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. तिचं कागदोपत्री नाव काहीतरी लांबलचक होतं, पण सगळे तिला बडबडी म्हणायचे. शिकाऊ मुलांना तीच द्यायची, कारण तिच्यासारखी शहाणी दुसरी नव्हती. पाठीवरचं पोर घसरायला लागलं की ती आपणहून थांबायची.

मग नवे व्यवस्थापक आले. त्यांच्या शर्टाला इतकी कडक इस्त्री असायची की पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव इस्त्रीसाहेब पडलं. माणूस वाईट नव्हता, असं मामी म्हणते. मी म्हणते, वाईट माणूस परवडला. तो निदान आपण काय करतोय हे जाणून असतो.

झालं असं, की एका विद्यार्थिनीची आई तक्रार घेऊन आली. तिच्या मुलीचा घोड्यावर बसलेला फोटो निघत असताना बडबडीच्या पोटातून मोठ्ठा आवाज आला आणि पाहुणे हसले. बाईंना अपमान वाटला. हे कसलं आजारी जनावर, असं त्या म्हणाल्या. आता कुठल्याही शहाण्या माणसाने सांगितलं असतं, की बाई, हा निरोगी घोड्याचा आवाज आहे. इस्त्रीसाहेबांनी सांगितलं, "आम्ही लगेच लक्ष घालतो."

लक्ष घातलं ते मामाच्या वहीत. सगळ्यांना बोलावून त्यांनी ती मोठ्याने वाचून दाखवली. "बोलतो. बोलतो. बडबडी, बोलते. काय मामा, काय म्हणते ती? आमच्या नावाने ठणाणा करते काय?" लोक हसले. त्यांच्यातल्या निम्म्यांचे घोडे याच वहीने सांभाळले होते, तरी हसले. मामाही हसला, आणि त्याचाच मला सगळ्यांत जास्त राग येतो.

पुढच्या सोमवारी वही गेली आणि छापील फॉर्म आले. प्रत्येक ठाणावर एक फळी, फळीवर फॉर्म, फॉर्मवर दोनच रकाने: 'शांत' आणि 'अशांत'. खूण करायची आणि सही ठोकायची. आवाज करणारं पोट अशांत. लागोपाठ सात दिवस सगळे घोडे शांत राहिले तर पागेला शाबासकी.

त्याच सोमवारी चाराही बदलला. वाळक्या गवताने पोट फुगतं, लीद फार पडते, जागा फार अडते, असं साहेबांनी कुठेतरी वाचलं होतं. गवत निम्म्याहून कमी केलं आणि गोळ्यांचा तयार खुराक आणला. एका दिवसात! गोण्या ठेवायला जागा हवी म्हणून मामाच्या दोन खोल्या रिकाम्या करून घेतल्या. मामा-मामी फाटकाबाहेर दोन खोल्यांत गेले, आणि माझ्या उशीच्या भिंतीला गोण्या लागल्या.

"साहेब, चारा बदला, पण दहा-बारा दिवस घ्या," मामा म्हणाला. "आज मूठभर, उद्या दोन मुठी. आतल्या आत सवय व्हावी लागते. आणि गवत तोडू नका. दिवसभर थोडं थोडं चघळायलाच बनलंय हे जनावर."

"मामा, हे सगळं शास्त्रोक्त आहे," साहेब म्हणाले.

चार दिवसांत बडबडीचं पोट भांडायला लागलं. मामाने फॉर्मवर दोन्ही रकाने सोडून समासात लिहिलं, 'भांडते. गवत द्या.' साहेबांनी ते खोडलं आणि खुराकात पोटातला वायू दाबणारी कुठलीशी पूड घालायला लावली.

आता माझ्याकडे यायला हवं. मला यातून अंग काढून घेता येत नाही.

मी कानाच्या डॉक्टरांकडे श्रवणचाचणी घेते. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर यंत्र चढवायचं, बारीक-जाड आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. इस्त्रीसाहेबांनी पंचावन्नच्या वरच्या कामगारांची तपासणी काढली आणि मामाला नेमका माझ्याच समोर आणून बसवला. मामाला बारीक आवाज ऐकू येईनात. फोनची घंटी, पाखराची शीळ, मामीची हाक, सगळं त्या पट्टीतलं गेलेलं. पण जाड, खालच्या पट्टीतले आवाज त्याला असे ऐकू येत होते की मी यंत्र बिघडलं समजून दोनदा तपासलं. माझ्यापेक्षा बरे येत होते. आणि घोड्याचं निरोगी पोट जवळजवळ सगळं त्याच खालच्या पट्टीत बोलतं.

शाळेने पाठवलेल्या कागदावर मात्र एकच ओळ होती. 'श्रवणशक्ती: सामान्य / सदोष'. मी प्रामाणिकपणे 'सदोष'वर खूण केली आणि सही केली. खाली दोन ओळी लिहायला जागा होती. बाहेर सात माणसं खोळंबली होती, म्हणून मी लिहिल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी मामाची बदली फाटकावर झाली. गाडी आली की आडवा दांडा वर करायचा, गेली की खाली करायचा. पागेत पाऊल टाकायचं नाही. "बहिरा माणूस घोड्यांची पोटं ऐकतो म्हणे," साहेब कार्यालयात म्हणाले, "आणि तीस वर्षं सगळे ऐकून घेतात!" ज्याला उभा जन्म सगळे मामा म्हणत आले, त्याचा त्यांनी असा मामा केला. आणि कागद माझा होता.

"तू खोटं थोडंच लिहिलंस?" एवढंच मामा म्हणाला. त्यापेक्षा त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं.

त्याच्या जागी एक झुपकेदार मिशांचा माणूस आला. त्याला आम्ही मिशीवाले म्हणायचो. चाळिशीचा, कष्टाळू, घोड्यांना हात लावताना मऊ. पण त्याला सांगितलं होतं की शांत म्हणजे चांगलं, आणि त्याने ते मनापासून धरलं होतं.

त्या गुरुवारी मला सुट्टी होती. दुपारी मामीने केलेला डबा घेऊन मी फाटकावर गेले. मामा खोपटात स्टुलावर बसला होता, तोंड पागेच्या दिशेने. डबा उघडलाच नाही.

"आज बडबडीला रिंगणात नेली नाही," तो म्हणाला. "सकाळी पाण्यावर नेली तर नुसतं तोंड बुडवून परत. चालताना मान वळवून कुशीकडे बघत होती. मिशीवाला म्हणतो शांत आहे. तू जा. कान लाव."

"मी?"

"मला मनाई आहे. तुला कोण अडवतंय? कानांचंच तर खातेस. चार जागा तुला पाठ आहेत."

मी गेले. बडबडी ठाणात मान खाली घालून उभी होती. गव्हाणीतला खुराक तसाच. फळीवरच्या फॉर्मवर तीन दिवसांच्या तीन सुबक खुणा: शांत, शांत, शांत.

"बघा ताई," मिशीवाले कौतुकाने म्हणाले. "पूड सुरू केल्यापासून चौदा दिवसांत कसा फरक पडला! तीन दिवस हूं की चूं नाही. साहेब खूश आहेत. लीदसुद्धा कमी झाली, तेही म्हणालेच होते साहेब."

"किती कमी?"

"कालपासून नाहीच म्हणा ना."

मी तिच्या डाव्या कुशीला कान लावला. कातडी गरम होती. शंभर मोजले. खाली सरकले, शंभर मोजले. उजव्या बाजूला गेले, वर कान लावला आणि त्या टाकीच्या पाण्याची वाट बघत राहिले. शंभर झाले, दोनशे झाले. ज्या आवाजावर मी लहानाची मोठी झाले तो नव्हताच. माझ्या स्वतःच्या कानातलं रक्त तेवढं वाजत होतं.

फाटकावर पोचले तर मामा उभाच होता.

"काय म्हणते?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? कमी?"

"काही नाही म्हणजे काहीच नाही, मामा."

त्याने दांडा वर केला, दोरी खिळ्याला गुंडाळली आणि चालायला लागला. धावला नाही. घोड्यांच्या आसपास धावायचं नसतं. मी मागून चालता चालताच घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

मामाने आधी तिचा ओठ उचलून हिरडी बघितली, बोट दाबून बघितलं, मग कान लावला. चारही जागा. नंतर मिशीवाल्यांना म्हणाला, "गव्हाण रिकामी कर. तोंडात काही जाऊ देऊ नको. आणि हिला बाहेर काढ, लोळायला लागली तर आपल्याच्याने उठायची नाही."

तेवढ्यात इस्त्रीसाहेब आले. "मामा! तुम्हाला इथे यायची परवानगी नाही. आणि फाटकावर कोण आहे?"

"साहेब, घोडी मुकी झालीय."

"मुकी? ती शांत आहे! तीन दिवस शांत आहे, फॉर्म बघा." मग आवाज चढवून, जणू मामा दूर उभा आहे, "तुम्हाला ऐकू येत नाही, मामा. माझ्याकडे कागद आहे."

"तो कागद माझा आहे," मी म्हणाले. "सही माझी आहे. त्याला पाखरं ऐकू येत नाहीत. फोन ऐकू येत नाही. पोट ऐकू येतं. हे मी लिहायला हवं होतं, लिहिलं नाही, ती माझी चूक. पण मला तर दोन्ही कानांनी धड ऐकू येतं ना? मीही आत्ता ऐकलं. आत काही नाही."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग फॉर्मकडे बघितलं. कुठल्या रकान्यात मला घालावं हे त्यांना कळेना.

डॉक्टरीणबाई अर्ध्या तासात आल्या. कानांना नळी लावून बराच वेळ पोट ऐकलं, मग कोपरापर्यंत हातमोजा चढवून आत तपासलं. "लीद अडकलीय," त्या म्हणाल्या. "आतडं थांबलंय. कोणी ओळखलं?"

"मामांनी," मिशीवाले म्हणाले.

"पण फॉर्मप्रमाणे ती शांत होती," साहेब म्हणाले.

"शांतच आहे," बाई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत मेली असती तर आणखी शांत झाली असती."

दुखणं कमी करायची सुई दिली. नाकातून नळी घालून पोटात पाणी, मीठ आणि तेल सोडलं. मग फिरवणं. मामा तिला पागेमागच्या मोकळ्या जागेत चालवत होता, दहा पावलं गेला की थांबून कान लावत होता, परत दहा पावलं. दोनदा तिने गुडघे टेकले. दोनदा मामाने आणि मिशीवाल्यांनी ओरडून, ढकलून, हातापाया पडून तिला उठवलं. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की अजून दोन तास बघू, नाहीतर तिला त्रासात ठेवण्यात अर्थ नाही. मी हे मामाला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, ते खालच्या पट्टीत बोलणं होतं.

सव्वापाचला उजव्या बाजूला वर कान लावलेला मामा हलेचना. मग त्याने एक बोट वर केलं.

बाई कानाची नळी घेऊन धावल्या. ऐकलं. "मला नाही येत," त्या म्हणाल्या.

"थांबा."

थांबल्या. मिनिटभराने त्यांचा चेहरा बदलला. "आलं," त्या म्हणाल्या.

सहाच्या सुमाराला बडबडीने लीद टाकली. लीद बघून मोठी माणसं रडतात हे मी त्या दिवशी पाहिलं. मिशीवाले फळीजवळ गेले, संध्याकाळची खूण करायची होती. पेन हातात घेऊन त्यांनी विचारलं, "मामा, काय लिहू?"

"लिही, कुजबुजते."

त्यांनी ते दोन्ही रकान्यांवरून आडवं लिहिलं.

डॉक्टरीणबाईंनी निघताना सूचना लिहून दिल्या: वाळकं गवत पूर्ववत करा, कोणताही बदल दहा-बारा दिवसांत हळूहळू करा, पाण्याकडे लक्ष ठेवा, पूड बंद करा, रोज दोनदा पोट ऐका. मामाने तोंडाने सांगितलेलंच, शब्दाला शब्द. बाईंच्या छापील कागदावर आलं म्हणून साहेबांनी ते काच लावून कार्यालयात टांगलं. घोडी अजून आहे. परवाच एका मुलाला घेऊन रिंगणभर गुडगुडत फिरत होती.

मीही दुसऱ्या दिवशी नवा दाखला लिहून नेला, या वेळी पूर्ण पानभर. साहेबांनी तो घेतला नाही. चाचणी वर्षातून एकदाच होते, असं म्हणाले.

आणि शनिवारी मामाला नोटीस आली. बडबडीबद्दल तीत एक अक्षर नव्हतं. गुरुवारी दुपारी बारा पस्तीसपासून संध्याकाळी सहा दहापर्यंत फाटक उघडं आणि विनापहारा होतं. जागा का सोडली, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा.

मी म्हणाले, मी लिहून देते, असा लिहिते की त्यांच्या शर्टाची इस्त्री उतरेल. मामा म्हणाला, नको, मला विचारलंय. मामीच्या शिवणयंत्रावर कागद ठेवून, जीभ दाताखाली धरून त्याने एक ओळ लिहिली आणि खाली सही केली.

'बडबडी बोलत नव्हती.'

पुढच्या महिन्यात त्याला मुदतीआधी निरोप दिला. माईक, टाळ्या, डबी, ते सगळं वर सांगितलंच आहे. कार्यालयातल्या कारकुनाने तो खुलासा नंतर गुपचूप माझ्या हातात दिला. माझ्याकडे आहे तो. मामाच्या ओळीखाली लाल शाईत इस्त्रीसाहेबांचा शेरा आहे, सहीनिशी, तारखेनिशी:

'खुलासा समजला नाही.'